एक अख्खा पावसाळा काढल्यावर: गोव्यातल्या कारागिरांकडून घेतलेली लाकडी आणि मातीची भांडी

नोव्हेंबर 2024 मध्ये, तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात, आम्ही स्वयंपाकघरातलं प्लास्टिक आणि खरवडून गेलेलं नॉनस्टिक काढून टाकलं. त्याच्या जागी हाताने घडवलेल्या वस्तू आल्या: फणसाच्या लाकडाची भाजी चिरायची फळी, कुंकळ्ळीच्या लाखकामाचा चौरंग, डिचोलीच्या कुंभाराकडची दोन मडकी, एका तरुण जोडप्याच्या स्टुडिओतली स्टोनवेअरची सहा ताटं, चार वाडगे, दोन मग, आणि पणजीतल्या एका प्रदर्शनातून घेतलेली लोणच्याची बरणी. लिहायचं तेव्हाच मनात होतं, पण मुद्दाम थांबले. गोव्यात वस्तूची परीक्षा जूनमध्ये सुरू होते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आमचं माशेलचं घर जुनं, मंगळुरी कौलांचं. जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्या हवेत जे टिकलं आणि जे टिकलं नाही, ते आता नीट सांगता येईल.

आधी मडक्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त वापर त्यांचा झाला.

एक मासळीचं, एक शाकाहारी. मातीचं भांडं सच्छिद्र असतं, वास धरतं, त्यामुळे ही वाटणी पहिल्या दिवसापासून केली. कुंभाराने देतानाच सांगितलं की आणल्या आणल्या चुलीवर चढवू नका, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग त्यात उकड्या तांदळाची पेज दोनतीनदा उकळा. पेजेतला स्टार्च बारीक छिद्रांत बसतो आणि पाझर थांबतो. पहिल्या रात्री पाण्यात सोडल्यावर मडक्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती, चांगली वीस मिनिटं. माती किती पाणी पिते ते डोळ्यांनी दिसलं. आमच्या घाईच्या स्वभावाला ही तयारी जाच वाटेल, पण ती टाळू नका. माझ्या जावेने टाळली आणि तिचं मडकं तिसऱ्या दिवशी गॅसवर तडकलं.

चव? बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाचं कालवण, यात केलं की फरक पडतो, आणि हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही. मातीचं जाड बूड हळू तापतं आणि हळू निवतं. तिरफळं आणि सोलं घालून गॅस बंद केला तरी पुढची दहा मिनिटं आतलं हुमण रटरटत राहतं. बांगड्याचे तुकडे मोडत नाहीत, आंबटपणा सगळीकडे सारखा उतरतो. आधी मी स्टीलच्या पातेल्यात सवयीने ज्या टप्प्यावर गॅस बंद करायची, त्याच्या पाच मिनिटं आधी आता बंद करते. ही सवय लागायला महिना गेला. पहिल्या महिन्यात मासे जास्त शिजायचे.

धुण्याचं मात्र समजून घ्यावं लागतं. साबण नाही. साबण छिद्रांत मुरतो आणि पुढच्या कालवणात उतरतो. गरम पाणी आणि नारळाचं सोडण, बस. चिवट तेलकटपणा असेल तर चिमूटभर राख. जुलैत चार दिवस आम्ही गावाला गेलो आणि मडकी झाकण ठेवून गेलो, ती माझी चूक. परत आलो तर आत पांढुरकी बुरशी. पाणी आणि मीठ घालून दोनदा उकळलं, चुलीजवळ उपडं ठेवून सुकवलं, तेव्हा वास गेला. तेव्हापासून झाकण वेगळं, मडकं उपडं, खाली दोन चमचे आडवे म्हणजे हवा खेळते.

त्या कुंभाराच्या घरी घुमटंही होतात. घुमट हे 2019 पासून गोव्याचं राज्य वारसा वाद्य आहे. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणायचे, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचं लावतात. पण अंग अजून मातीचंच, दोन्ही तोंडं उघडी, आणि ते चाकावर घडवणारे हात कमी होत चाललेत. हे इथे सांगायचं कारण असं, की मडकी निवडताना त्या बाबांनी प्रत्येक मडकं बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं. नीट भाजलेलं मडकं टणकन वाजतं, आणि तो आवाज थोडा रेंगाळतो. ज्याला केसाएवढी चीर आहे ते थप्प बोलतं. त्यांनी एक मडकं स्वतःहून बाजूला काढून ठेवलं, बाहेरून अगदी सुरेख होतं. घुमट घडवणाऱ्याचा कान आहे तो. मी दोन्ही मडक्यांचे 550 रुपये दिले आणि आज मला ते कमी वाटतात.

आता बरणी. इथे मला मनापासून राग आहे.

प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून 1400 रुपयांना घेतली. विक्रेत्याने स्टोनवेअर म्हणून दिली. सुंदर निळसर हिरवी काच, म्हणजे मातीवर भाजून चढवलेला चकचकीत थर, आणि वर लाकडी झाकण. एप्रिलच्या शेवटी तीत तोरां, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, घातली, मिठाच्या पाण्यात, वर दगड ठेवून, दरवर्षीसारखी. तीन आठवड्यांनी फळीवर बरणीखाली ओलसर गोल उमटला. पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जूनमध्ये बरणी उचलली तर बुडाशी पांढरी, साखरेसारखी बारीक खडी जमली होती. जिभेला लावून पाहिलं, मीठ. आणि जिथे मीठ फुललं होतं तिथली काच पापुद्र्यासारखी सुटत होती.

काय झालं ते मला स्टुडिओतल्या त्या तरुण कुंभाराने समजावलं, ज्याच्याकडून आम्ही ताटं घेतली. साधी लाल माती 900 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजतात, ती सच्छिद्रच राहते. स्टोनवेअर 1200 च्या वर, 1300 पर्यंत नेतात. तेव्हा माती आतून जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि पाणी पीत नाही. माझ्या बरणीची माती तेवढी भाजलेलीच नव्हती. वरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा होत्या, मला ती नक्षी वाटली होती. माती आणि काच निवताना सारख्या आकसल्या नाहीत की अशा रेघा पडतात. मिठाचं पाणी त्या रेघांतून आत शिरलं, मातीतून बाहेर झिरपलं, बाहेर पाणी उडालं आणि मीठ स्फटिक होऊन बसलं. स्फटिक वाढताना काचेला ढकलतात, म्हणून पापुद्रे.

त्याने मला एक परीक्षा दाखवली, ती इथे सांगते कारण दुकानात उभ्या उभ्या करता येते. कुठल्याही बरणीच्या, ताटाच्या बुडाशी एक कडा काच न लावलेली असते. त्या कड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. माझ्या बरणीवर त्याने बोटाने थेंब सोडला, तो मी बघता बघता, पाच मोजेपर्यंत, आत गेला आणि तिथे गडद डाग राहिला. मग आमच्याच एका ताटावर थेंब ठेवला. आम्ही चहा पिऊन आलो तरी तो तसाच फुगीर उभा होता.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर मिळालं की ती बरणी शोभेची आहे. हे विकताना सांगायला हवं होतं. बरणीच्या आकाराची वस्तू, वर झाकण, लोणचं विचारूनच घेतलेली, आणि ती शोभेची? पैसे परत मिळाले नाहीत. चकचकीत काचेत काय घातलंय हेही त्यांना सांगता आलं नाही. कमी तापमानाच्या रंगीत काचेत शिसं वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि आपल्या जेवणात सोलं, चिंच, शिरका, सगळं आंबट. आंबट पदार्थात शिसं उतरतं. त्यामुळे ती तोरां आम्ही टाकून दिली, वर्षाची तोरां. सासूबाईंची चाळीस वर्षांची पांढरी-तपकिरी चिनी मातीची बरणी माळ्यावरून खाली आली आणि पुढची मिस्कुट, म्हणजे कैरीचं लोणचं, तिच्यात गेली.

ताटं आणि वाडगे उत्तम. एका ताटाला 650 रुपये पडले, महाग आहे, पण रोज दोन वेळा वापरून अकरा महिन्यांत एकाचाही टवका उडालेला नाही. स्टीलचे चमचे घासून करड्या रेघा पडतात, त्या ओरखडे नसून चमच्याचा धातू काचेवर उतरलेला असतो, खायच्या सोड्याने चोळलं की जातात. ताटं एकावर एक ठेवताना बुडाची खरखरीत कड खालच्या ताटाला घासते, तर मध्ये कागद ठेवा किंवा कड पॉलिशपेपरने गुळगुळीत करून घ्या. एक खरी अडचण म्हणजे वजन. सासूबाईंच्या मनगटाला भरलेलं ताट झेपत नाही. त्या वाडग्यातच भात कालवून घेतात, आणि वाडगा त्यांच्या हाताला असा बसलाय की आता दुसऱ्या कशात जेवत नाहीत. मगांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चांगले आहेत.

लाकडाकडे येते. फळी शेजारच्या गावातल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, केली. फणसाचं लाकूड ताजं कापलेलं हळदीसारखं पिवळं असतं. पहिला आठवडा ओलं फडकं फिरवलं की फडकंही फिकट पिवळं व्हायचं. आता तिचा रंग मधासारखा झालाय आणि काळवंडत चाललाय, जुन्या देवघरातल्या पाटांसारखा. देताना मेस्त एवढंच बोलला, ‘हें उदकांत दवरूं नाका बाय,’ म्हणजे ही पाण्यात ठेवू नका. मी पाण्यात ठेवली नाही, पण ओल्या ओट्यावर आडवी ठेवत राहिले, आणि जुलैत फळी डुगडुगायला लागली. खालची बाजू ओल पिऊन फुगली, वरची कोरडी राहिली, म्हणून फळी वाकली. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच.

मी रंधा मारून घ्यायला घेऊन गेले. मेस्ताने फळी हातात घेतली, एक डोळा मिटून कडेवरून पाहिली आणि परत दिली. आता रंधा मारला तर पाऊस संपल्यावर उलटी वाकेल, म्हणाला. उभी ठेवा, दोन्ही अंगांना हवा लागू दे, दसऱ्यापर्यंत थांबा. मला खरं वाटलं नव्हतं. नवरात्रात बघते तर फळी ओट्यावर सपाट. एका कोपऱ्याखाली पोस्टकार्ड जाईल एवढी फट अजून आहे, तेवढीच. काम मिळत असताना, पैसे मिळत असताना, ‘थांबा’ म्हणणारा माणूस आहे तो. वस्तू देताना तिचं काय बिघडू शकतं हे जो आपणहून सांगतो, त्याच्याकडूनच मी यापुढे घेणार आहे. मडकी, ताटं, फळी, तिन्ही ठिकाणी हे सांगितलं गेलं. बरणीच्या वेळी नाही.

तेलाचंही त्यानेच सुधारलं. मी आपलं घरचं खोबरेल लावत होते. खोबरेल सुकत नाही, लाकडात ओलंच राहतं, वर धूळ आणि वास धरतं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने सुकून घट्ट होतं. पण खायचं, घाण्यावरचं जवस तेल घ्या. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते अन्नाच्या फळीला नको. पातळ हात, चारपाच दिवस सुकवणं, मग दुसरा हात, शेवटी थोडं मधमाशांचं मेण. आणि तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आतून तापतं आणि पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या घराचं छप्पर लाकडी आहे.

चौरंग चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बाहेर निघाला. त्याच्या कातलेल्या पायांवर लाल, पिवळ्या, हिरव्या लाखेचे पट्टे आहेत. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. म्हणजे उष्णतेने बसलेली वस्तू उष्णतेने बिघडतेही. चवथीच्या सकाळच्या गडबडीत मी पातोळ्यांचं वाफाळतं भांडं एका पायाला टेकवून ठेवलं आणि तिथला लाल पट्टा पांढुरका, मळकट झाला. मन फार खट्टू झालं. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीतली दोन कवंडळं आणि एक आंबाडा दीड दिवसात चौरंगावर पडला, त्याने काही झालं नाही, पण माझ्या पाच मिनिटांनी झालं. विसर्जनानंतर कोरड्या सुती कापडाने तो पट्टा जोर लावून घासला, हाताला चटका बसेपर्यंत. चकाकी बरीचशी परत आली. जवळून पाहिलं तर डाग दिसतो.

गेल्या सोमवारी मासळीचं मडकं धुताना वाजवून पाहिलं, हल्ली सवयच झालीय. आवाज बदललाय, पूर्वीसारखा रेंगाळत नाही. चीर अजून डोळ्यांना दिसत नाही. दिवाळीनंतर डिचोलीला जायचं ठरवलंय, नवीन मडकं आणायला, आणि त्या बाबांना जमत असेल तर एक बरणीही सांगेन, मिठाची नाही, तांदूळ ठेवायला.