नाशिकच्या गंगापूर रोडच्या शाळेतला सपोर्ट प्रोग्राम, दीड वर्षाचा आमचा अनुभव

माझा मुलगा नववीत आहे, त्याला ऑटिझम आहे. गणितात पहिल्यापासून हुशार, पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, पण सातवी संपेपर्यंत दप्तर मी भरायचे, डब्याचं झाकण शाळेतल्या मावशी उघडून द्यायच्या आणि वर्गात काही कळलं नाही तर विचारायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं, नुसता बसून राहायचा. आधीच्या शाळेत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणाऱ्या बाई होत्या, खूप प्रेमळ, पण वही त्याच उघडायच्या, तारीखही त्याच टाकायच्या. मार्क छान पडायचे म्हणून आम्हीपण कधी काही बोललो नाही.

आठवीला इथे घातला. मुलं नेहमीच्याच वर्गात बसतात, रोज एक तास फक्त रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली. पहिल्याच मीटिंगला तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अभ्यास त्याला येतो, आपण बाकीचं शिकवू." आणि खरंच तेच केलं. दप्तर भरण्याचे छोटे छोटे टप्पे करून बाकावर कार्ड चिकटवलं, सुरुवातीला तोंडी सांगायचे, मग नुसतं कार्डाकडे बोट, मग तेही बंद, फक्त थांबायचं. हे थांबणं किती अवघड असतं ते मी तिथे बसून बघितलंय. त्याचा कंपास बाकाखाली पडला होता, मला समोर दिसत होता, तो शोधतोय शोधतोय, मी उठायला गेले तर मॅडमनी हातानेच मला बसवलं. बऱ्याच वेळाने तो वळला आणि म्हणाला, "मॅडम, कंपास सापडत नाहीये, बघता का?" स्वतःहून मदत मागताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं, डोळ्यात पाणीच आलं माझ्या.

सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा प्रवास पण असाच शिकवला. आधी प्रोग्राममधले सर शेजारी बसायचे, मग दोन सीट मागे, मग नुसते स्टॉपवर सोडायला. स्टॉप चुकला तर कंडक्टरला काय विचारायचं, सुट्टे नसले तर काय, हे सगळं वर्गात आधी करून घेतलेलं. आता घरी येताना निमाणीच्या स्टॉपला एकटा उतरतो, मी तिथे उभी असते, पण रस्त्याच्या पलीकडे.

एक गोष्ट मात्र खटकली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, बोर्डातही अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण युनिट टेस्टला एका नवीन सरांनी वेळ झाली म्हणून पेपर काढून घेतला, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. रिसोर्स रूम आणि विषय शिक्षक यांच्यात निरोप पोचत नाहीत, हे दोनदा झालं. मी भांडायला जाणार होते, मॅडमनी सांगितलं अर्ज त्यालाच लिहू दे. चार ओळींचा अर्ज त्याने लिहिला, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये स्वतः नेऊन दिला, पुढच्या पेपरला वेळ मिळाला.

फी वेगळी पडते आणि पालक मीटिंग सकाळी ११ ला, नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं, यावर त्यांनी विचार करायला हवा.

ज्या मुलांना अभ्यासातच जास्त मदत लागते त्यांना हा प्रोग्राम पुरणार नाही, हे मॅडम स्वतःच सांगतात. ॲडमिशनआधी परवानगी काढून रिसोर्स रूममध्ये तासभर बसा. मूल अडलं की मोठी माणसं किती वेळ थांबतात, तेवढं बघा.