कर्ज असलेला फ्लॅट: जुने हप्ते चालू ठेवायचे की कर्ज फेडून घ्यायचा?

विक्रेत्याचं गृहकर्ज त्याच्याच नावावर ठेवून नोटरी करारावर हप्ते भरत राहिलात, तर बँकेच्या लेखी तुम्ही कोणीच नसता. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक कर्ज. मग थकीत कर्जापोटी तारण घर कोर्टात न जाता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस निघते, तीही कर्जदाराच्या, म्हणजे विक्रेत्याच्या पत्त्यावर! लिलाव झाला तर भरलेल्या हप्त्यांसाठी त्याच्यावर दिवाणी दावा लावत बसायचं.

स्वतःचं कर्ज काढून जुनं फेडणं वेळखाऊ, पण आम्ही तेच सुचवतो. आधी फोरक्लोजर लेटर (कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम भरली की कर्ज पूर्ण फिटेल, हे सांगणारं बँकेचं पत्र) आणि बँकेकडच्या मूळ कागदांची यादी मागा. चेक विक्रेत्याच्या नावे नको, थेट त्याच्या कर्जखात्याच्या नावे काढा. लेटरवरची तारीख उलटली की रोजचं व्याज चढतं, दोन-चार हजार कमी पडतात आणि ना-हरकत दाखला अडतो.