इंजिन बांधून घेतलं, त्याला नऊ महिने झाले

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 74 हजार किलोमीटर पळालेली. ऑइल प्यायची, 900 किलोमीटरला लिटरभर. आंबा घाट चढताना मागच्या टेम्पोवाल्याने ओव्हरटेक करता करता नाक दाबून दाखवलं, तेव्हा मनावर घेतलं.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधीच निकाल दिला: इंजिन गेलं, जुन्या बाजारातलं टाकू, 55 हजार. दुसरा म्हणाला, पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाकू, 22 हजारांत भागेल. तिसऱ्याने मात्र प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा, लावला. आकडे आले 175, 170, 120, 115. पडलेले दोन्ही सिलिंडर शेजारशेजारचे, म्हणून माझी शंका हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पट्टीवर. त्याने काही न बोलता त्या दोन्हींत चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. काटा थेट 155. ऑइलने पिस्टनभोवतीची फट तात्पुरती भरली, म्हणजे गळती रिंगांपाशी. गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह असते तर काटा जागचा फारसा हलला नसता.

हेड उतरवल्यावर म्हणाला, "काका, नख फिरवून बघा." बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन खालीवर होतो त्या पोकळीत, वरच्या कडेजवळ नख चक्क अडकलं. रिंग जिथवर पोचते तिथवर भिंत झिजलेली, त्यावरचा भाग मूळ मापाचा, मध्ये पायरी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याने गेज घालून बोअर लंबगोल झाल्याचंही दाखवलं. असल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसत नाहीत. ते 22 हजार धुरातच गेले असते.

जुनं इंजिन का नको? एक तर ते किती चाललंय ते विकणाराही सांगू शकत नाही. शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो, तो बदलायचा म्हणजे कागद गोळा करून आरटीओच्या पायऱ्या चढणं आलं. झिजलेली पोकळी कापून मोठी केली, म्हणजे बोअर केलं, तर ब्लॉक तोच, नंबर तोच. आणि नवी गाडी म्हणजे सात लाखांचं कर्ज. हिचे धुरासकट दीड लाख कुणी दिले असते तर नशीब. पत्रा कुठे सडलेला नाही, एसी गार, आरसी 2027 पर्यंत. पत्रा गंजलेला असता तर मी एक रुपया घातला नसता.

ब्लॉक बिडाचा, म्हणून बोअर करता आला. लेथवाल्याने आधी पिस्टन मागवले, मूळ मापापेक्षा 0.50 मिलिमीटर मोठे, ते हातात आल्यावर त्यांच्या मापाने बोअर केला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, मजुरी, सगळं धरून 68 हजार. गाडी 17 दिवस गॅरेजमध्ये.

झीज का झाली तेही सापडलं. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली, मीच कधीतरी तारेने बांधलेली. शेताकडच्या फुफाट्याच्या रस्त्याने इतकी वर्षं धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती. डबा बदलला, 900 रुपये.

पहिले हजार किलोमीटर 70 च्या वर नेली नाही, एकाच वेगातही धरली नाही, आणि हजारला ऑइल बदललं. निघालेलं ऑइल उन्हात धरलं तर त्यात चांदीसारखा बारीक चुरा चमकत होता. घाबरून मेकॅनिकला फोन केला, तो हसला; नवे भाग घासून बसताना एवढं निघतंच.

आता 8,400 किलोमीटर झालेत. गेल्या 5 हजारांत ऑइल डिपस्टिकवर बोटभरही उतरलं नाही. मायलेज बारावरून साडेपंधरा. घाट तिसऱ्यावर चढते.

तक्रारी आहेत. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून दोन महिन्यांत ऑइल पाझरलं; फुकट बदलून दिलं, पण तीन खेपा घातल्यावर. आणि मोठी चूक माझी: गिअरबॉक्स खाली असताना क्लचप्लेट "अजून चालेल" म्हणून तीच ठेवली. पाचव्या महिन्यात ती घसरली. पुन्हा गिअरबॉक्स उतरवा, पुन्हा 4,500 मजुरी, प्लेटचे वेगळेच. बायकोला हा आकडा अजून माहीत नाही.