भरती अकादमीसाठी सहा पट्ट्यांचं लघवी-तपासणी कार्ड : घ्या, पण डोळे उघडे ठेवून

लघवीतली नशा ओळखणाऱ्या या कार्डाच्या प्रत्येक पट्टीवर दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, एक रेघ म्हणजे शंका. कार्डांच्या खोक्यावर हे मार्करने ठळक लिहून ठेवा, कारण गरोदरपणाच्या पट्टीला सरावलेला डोळा इथे हमखास उलटं वाचतो. लघवीतलं नशेचं द्रव्य आणि पट्टीवरचं द्रव्य एकाच जागेसाठी भांडतात. लघवीतलं जास्त असलं की रेघ उमटतच नाही. पुसट रेघ हीसुद्धा रेघच, म्हणजे निगेटिव्ह. तिला ‘थोडं घेतलंय बघा’ म्हणणं साफ चूक. पट्टी नीट चालतेय हे सांगणारी वरची ‘सी’ची रेघ आलीच नाही, तर कार्ड फेकून दुसरं वापरायचं.

सोलापुरातल्या आर्मी-पोलीस भरती अकादमीने हे कार्ड घ्यावं का? चाळणी म्हणून जरूर घ्यावं. पोराचं नाव पटावरून काढायला मात्र ते पुरेसं नाही.

नेहमीच्या सहा पट्ट्या म्हणजे गांजा, अफू-मॉर्फिन, अ‍ॅम्फेटामिन, कोकेन, झोपेच्या गोळ्यांचा बेन्झोडायझेपिन गट आणि बार्बिट्युरेट. गांजाची पट्टी बऱ्यापैकी भरवशाची. तिची मर्यादा मिलीलीटरला 50 नॅनोग्रॅम असते. कधीमधी ओढणारा तीन-चार दिवस सापडतो, रोजचा ओढणारा सोडल्यावरही तीन-चार आठवडे. महाशिवरात्रीची भांगही याच पट्टीवर येते, त्यामुळे त्या आठवड्यात तपासणी ठेवलीत तर वाद ओढवून घ्याल.

अफूच्या पट्टीवर हीच मर्यादा 300 लिहिली आहे की 2000, ते विकत घेतानाच बघा. 300 च्या पट्टीवर घरच्या मसाल्यातली खसखससुद्धा कधी कधी बोलते. अमेरिकेत सरकारी तपासणीची मर्यादा 1998 मध्ये 300 वरून 2000 वर नेली, ती याच कटकटीमुळे. 2000 चंच कार्ड मागा. कोडीनचं खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली रिचवणारा त्यातूनही सहसा सुटत नाही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन मात्र अ‍ॅम्फेटामिनच्या पट्टीला चकवून खोटं पॉझिटिव्ह आणू शकतं, म्हणून गेल्या आठवड्यात कोणती औषधं घेतली हे नमुना देण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं. नंतर विचारलंत तर प्रत्येकालाच सर्दी झालेली असते.

आता कार्डाची खरी उणीव. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला, म्हणजे हा माल आपल्या दाराशी बनत होता. पण एमडी, म्हणजे मेफेड्रोन, साध्या सहा पट्ट्यांच्या कार्डावर भरवशाने दिसत नाही. ‘अ‍ॅम्फेटामिनची पट्टी आहे ना, त्यात सगळं येतं’ असं दुकानदार सांगेल, ते खरं धरू नका. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन दिसत नाही. गुंगीचं क्लोरल हायड्रेट घातलेली शिंदी दिसत नाही. स्टेरॉइड दिसत नाही. पळण्याआधी दम वाढवायला टोचलं जाणारं मेफेन्टरमिन दिसेल की नाही, ते कंपनीगणिक बदलतं. पुड्यातल्या माहितीपत्रकात कोणती द्रव्यं ओळखली जातात त्याचा तक्ता असतो, तो वाचूनच कार्ड निवडा. मावा-तंबाखूसाठी कोटिनिनची पट्टी वेगळी घ्यावी लागते. ती घ्याच, मैदानावर तीच जास्त कामाला येईल.

दारूसाठी हे कार्ड विसरा आणि श्वास तपासायचं यंत्र घ्या, तेही फ्युएल सेल सेन्सरचं. स्वस्तातलं सेमीकंडक्टरवालं यंत्र दारू नसलेल्या वासांनाही फसतं. काही खाल्ल्या-प्यायल्यावर 15 मिनिटं थांबायचं, नळी प्रत्येकाला नवी, आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन. रक्तातली दारू दर 100 मिली रक्तामागे ताशी साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमने उतरते. रात्री अकराला 150 वर असलेला पोरगा पहाटे साडेपाचच्या रनिंगला अजून 20 ते 50 च्या घरात असतो. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 30 आहे, आणि याला तर 1600 मीटर जीव तोडून पळायचंय. मुळेगाव तांड्यावरची हातभट्टी थांबवायला सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, तरी अकादमीच्या गेटवरचं हे यंत्र काढून ठेवावं असे दिवस आलेले नाहीत.

नमुना घेताना सोलापूरची एक खास अडचण येते. ताजी लघवी चार मिनिटांत मोजली तर 32 ते 38 अंश भरली पाहिजे, म्हणून कपावर तापमानाची पट्टी असते. पण मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तेवढं तापलेलं असतं! पाणी मिसळलेलं असलं तरी पट्टी ‘ठीक’ दाखवते. उपाय सोपा आहे. तपासणी पहाटेच ठेवा, संडासाच्या पाण्यात नीळ टाका, आतला नळ बंद करा. नमुना 30 मिली तरी हवा. कार्डाची पट्टी तिच्यावरच्या खुणेपर्यंतच बुडवून 10-15 सेकंद धरा, मोबाइलवर टायमर लावा, पाचव्या मिनिटाला वाचा. दहा मिनिटांनंतर दिसणाऱ्या रेघेला किंमत नाही.

नियमावली आधी लिहा, कार्ड नंतर मागवा. अग्निवीर भरती साडेसतरा वर्षांपासून सुरू होते, म्हणजे तुमच्याकडची बरीच पोरं अल्पवयीन. त्यांच्या आई-वडिलांची लेखी संमती प्रवेशाच्या दिवशीच घ्या. कोणाची तपासणी करायची ते सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर ‘सरांचा राग’ हा आरोप ठरलेला. नमुन्याचे दोन भाग करा. दुसरा सील करून, त्यावर पोराची सही घेऊन फ्रीजमध्ये ठेवा. कार्ड पॉझिटिव्ह आलं तर तो भाग मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे द्रव्य नेमकं ओळखण्याची, सोय असलेल्या लॅबला पाठवा आणि तिचा निकाल येईपर्यंत पोराला फक्त मैदानापासून दूर ठेवा. कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्या प्रशिक्षकाला आधी घरी पाठवा.

निकाल पक्का झाला तर पोराला सिव्हिलच्या मनोविकार विभागात न्या किंवा 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावा. गांजाची फेरतपासणी चार आठवड्यांच्या आत करू नका, जुनंच दिसत राहील. पोरांना एवढं मात्र स्पष्ट सांगा की अकादमीत समुपदेशन आहे, पुढे नाही. आर्मी अ‍ॅक्ट 1950 च्या कलम 48 प्रमाणे जवान नशेत सापडला, तर ड्युटीवर नसतानाही कोर्ट मार्शल आणि कैद होऊ शकते.

खरेदी करताना शेवटचं बघायचं ते साठवण. कार्ड 2 ते 30 अंशांत ठेवायचं असतं आणि आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेला माल मुदत शिल्लक असली तरी नको. पावसाळ्यानंतर आलेला ताजा लॉट मागा. त्यातलं एक कार्ड कोणतंही औषध न घेणाऱ्या माणसाच्या नमुन्यावर दुकानातच लावून बघा. सहाच्या सहा पट्ट्यांवर दोन-दोन रेघा उमटल्या तरच पैसे मोजा.