गावच्या ‘देणं-घेणं’ ग्रुपवर अकरा महिने : विकायला बेताचा, मागायला झकास

गेल्या जूनमध्ये, मिरगाचा पाऊस कधी येतोय म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते, तेव्हा पुतण्याने माझा नंबर आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घातला. ग्रुपचं नाव ‘देणं-घेणं’. गाव जुन्नर तालुक्यातलं, ओतूरच्या बाजूचं. ग्रुपवर आजच्या तारखेला ३८६ नंबर आहेत, त्यात बाया मोजून एकोणीस. चालवतो तो आमचा पिठाच्या गिरणीवाला. शेजारच्या दोन गावांतून ‘आम्ही पण काढू का असा ग्रुप’ म्हणून विचारणा झाली. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी चांगलं सांगते. शेतीपंपाची लाईट आमच्याकडे पाळीने असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवाळीनंतर रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरची कॉईल जळाली. गरव्या (उन्हाळी) कांद्याचं रोप टाकलेलं, वाफ्यांना चार दिवस पाणी नाही आणि लाईट पहाटे जाणार. हे म्हणाले, ‘उद्या ओतूरला जाऊन आणू.’ मी पावणेदहाला ग्रुपवर टाकलं : ‘३ एचपीचा स्टार्टर कुणाकडे जादा आहे का, रात्रीपुरता.’ चार मिनिटांत उत्तर : ‘वहिनी आमच्या खोपीत आहे, पोराला पाठवतो.’ हे घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्याशी आमचा जेमतेम रामराम. त्यांच्या खोपीत स्टार्टर पडून आहे हे मला सात जन्मात कळलं नसतं. साडेदहाला एका मोटरसायकलवर दोन पोरं आली, मागच्याच्या हातात बॅटरी आणि काठी, कारण बिबट्याच्या भीतीने रात्री मळ्यात एकटं कुणी जात नाही. अकराला मोटर चालू. दोन दिवसांनी स्टार्टर परत दिला, वर कोथिंबिरीच्या पाच जुड्या. पैशाचं नावही निघालं नाही.

अकरा महिन्यांत मी ग्रुपवर जे जे मागितलं ते मिळालं : मल्चिंग पेपरला भोकं पाडायचा पाईप, साठ क्रेट, मुरघासाची एक बॅग, सासऱ्यांसाठी चार दिवस वॉकर. माझ्याकडूनही लोकांनी नेलं. सासरे म्हणतात, ही तर आमची सावडच. त्यांच्या काळी एक बैल ह्याचा, एक त्याचा अशी जोडी जुळवून दोघांची शेतं नांगरायची, त्याला वारंगुळा म्हणत. फरक एवढाच, की वारंगुळा भावकीत किंवा बांधाशेजारच्याशी व्हायचा. ग्रुपवर बांधाला बांध नसलेली माणसंही एकमेकांची होतात.

गाडीचंही तसंच. भाजी मुंबईकडे वाशीच्या बाजाराला पाठवायची तर दहा-बारा डागांसाठी (डाग म्हणजे मालाचं एकेक गाठोडं) अख्खी गाडी परवडत नाही आणि कमी मालाला गाडीवाला आत वळत नाही. आता दुपारी तीनच्या सुमाराला मेसेज पडतो : ‘आज वाशी, १५ डागांची जागा, भाडं नेहमीचं.’ ज्याला घालायचं तो हात वर केलेलं चित्र टाकतो. मागच्या उन्हाळ्यात माझी मेथी दोनदा बांधावर पिवळी पडली होती. या उन्हाळ्यात एकदाही नाही.

आता विकण्याचं. इथे मात्र हा ग्रुप लंगडा आहे, आणि का लंगडा आहे ते कळायला मला स्वतःची गाय विकावी लागली.

फाल्गुनात वैरण कमी पडायला लागली म्हणून एक गाय काढायची ठरवली. मी आपली नीट जाहिरात लिहिली : ‘एचएफ गाय, तिसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण, मागच्या वेताला सकाळी ८ संध्याकाळी ६ लिटर, मारकी नाही, बाईमाणसाला दूध देते. किंमत ६५,०००.’ सोबत तीन फोटो : एका बाजूने पूर्ण गाय, कास आणि कानातला बारा आकडी बिल्ला. (१ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. तरी निम्मे लोक जाहिरातीत बिल्ला दाखवत नाहीत आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर ‘परवाच पडला’ म्हणतात.)

ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं जाहिरात वायाच गेली. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर रांगेतली एक जाऊबाई विचारते, ‘काय गं, काही अडचण आली का?’ दुसरी म्हणाली, ‘पोराची फी भरायची असंल.’ रात्री दीर फुगून बसले : ‘घरात कुणाला न विचारता ग्रुपवर टाकलीच कशी?’ चार दिवसांत खाजगी मेसेज आले अकरा. एकानेही उघड विचारलं नव्हतं. प्रत्येकाचं वाक्य एकच : ‘शेवटचं काय ते सांगा.’

माझी चूक किंमत लिहिण्यात झाली. बेल्ह्याच्या सोमवारच्या किंवा चाकणच्या शनिवारच्या बाजारात कधी उभं राहून बघा. तिथे व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. त्यामुळे विकणाऱ्याला पाच हजार खाली यायला लाज वाटत नाही आणि घेणाऱ्याला चढायला कमीपणा वाटत नाही. ग्रुपवर ६५ लिहिलं म्हणजे ३८६ जणांसमोर लिहिलं. त्याच्या खाली दिली तर ‘घासाघीस करून घेतली’ म्हणून गावभर होणार, आणि घेणाऱ्याने पूर्ण दिले तर तो येडा ठरणार. म्हणूनच जुने सभासद ‘किंमत समक्ष’ एवढंच लिहितात. मला आधी तो चावटपणा वाटायचा.

शेवटी गाय गेली ती पलीकडच्या आळीत. त्यांनी जाहिरात पहिल्याच दिवशी पाहिली होती, पण फोन केला नाही. नवव्या दिवशी मधल्या एका पाहुण्याला घेऊन ओट्यावर आले. चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, मग ६१ वर ठरलं. दावं आमच्यात देत नाहीत, ते काढून खुंटीला लावलं. वैरणीला म्हणून एकशे एक रुपये त्यांना परत दिले. जाताना ते म्हणाले, ‘फोटो चांगले होते वहिनी, पण एवढी घाई कशाला केली.’ म्हणजे ग्रुपने गिऱ्हाईक दाखवलं, सौदा ओट्यानेच केला.

फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जनावर विकायला परवानगीच नाही, म्हणून लोक इथेच येतात हे समजतं. पण माझा सल्ला असा, की ग्रुपवर वेत, दूध, बिल्ला सगळं खरं लिहा आणि किंमत घरी बोलावून सांगा. उलट कांद्याचं रोप, कडबा, अंडी अशा मालाला किंमत लिहाच. तिथे कुणाला लाज नसते आणि उगाच वीस फोन वाचतात.

अंड्यांवरून आठवलं. ‘गावरान अंडी मिळतील’ हा मेसेज हमखास पुरुषाच्या नंबरवरून येतो. फोन करा, तो म्हणतो, ‘थांबा, हिला विचारतो.’ मग मागे भांड्यांचा आवाज, मग बाईच सांगते किती आहेत आणि कधी या. कोंबड्या तिच्या, हिशेब तिचा, नंबर मात्र त्याचा. गिरणीवाल्याला मी दोनदा सांगितलं की बायांचे नंबर घे. तो म्हणतो, ‘वहिनी, त्यांनी सांगितलं तर घेतो.’ बचत गटाच्या बैठकीत विचारलं तर सहा जणींनी नंबर दिले. उरलेल्या म्हणाल्या, कशाला, रात्री-अपरात्री कुणी मेसेज टाकतं. त्यांचंही चुकलं नाही.

बियाण्याचा अनुभव चांगला आला, तो थोडा सविस्तर सांगते. जूनमध्ये एकाने घरचं सोयाबीन बियाण्यासाठी दिलं, केडीएस ७२६ हे वाण, किलोला ७० रुपये. घरचं बियाणं विकावं का, यावर ग्रुपवर दोन दिवस वाद. मग कृषी खात्यात नोकरी केलेल्या एका अप्पांनी लिहिलं, की पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं देता-विकता येतं, फक्त कंपनीसारखं नाव छापून पिशवी भरून विकायचं नाही. वाद तिथेच मिटला. मी वीस किलो आणायच्या आधी मूठभर मागून घेतलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी करून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी उलगडून मोजले तर शंभरातले ८२ चांगले कोंब. सत्तरच्या वर असलं की एकरी ३० किलो धरून पेरावं. पेरलं, उगवलं. ते गुंडाळलेलं गोणपाट मी ग्रुपवर फोटो काढून टाकलं, तर पंधरा जणांनी तसेच फोटो टाकले. एकाचे ५४ आले. त्याने विकणाऱ्याला काही म्हटलं नाही, फक्त फोटो टाकला. पुढच्या तासाभरात विकणाऱ्यानेच ती जाहिरात मागे घेतली.

आता दुखणी. पहिलं मोठं दुखणं निवडणुकीचं. प्रचाराचे दिवस आले आणि ग्रुपवर वाशीच्या गाडीऐवजी सभेच्या गाड्यांचे मेसेज सुरू झाले. दोन गटांत जुंपली. गिरणीवाला घाबरला, त्याला वाटलं लोकांच्या भांडणात आपल्यावर केस होईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे, की सभासदाने काही टाकलं म्हणून नुसत्या अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. हे त्याला अप्पांनी समजावलं, पण तोवर त्याने ग्रुपला कुलूप घातलेलं, फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं. तीन आठवडे. नेमकं तेव्हाच कांद्याचं रोप लागवडीला आलं होतं. ज्यांच्याकडे जादा होतं त्यांचं वाफ्यातच थोराड झालं आणि ज्यांचं पावसाने गेलं होतं ते रोपासाठी नगरच्या बाजूला फिरत होते. आमचंच पाऊण एकराचं फुरसुंगी रोप शेवटी गुरांनी खाल्लं. कुलूप घालायच्या ऐवजी दोन-चार जणांना पंधरा दिवस बाहेर बसवलं असतं तर भागलं असतं, हे मी त्याला दळण टाकताना तोंडावर सांगितलं.

दुसरं, फसवणूक. सुरुवातीला ग्रुपमध्ये यायची लिंक उघडी होती. भाद्रपदात एका अनोळखी नंबरने जुन्या पॉवर टिलरचा फोटो टाकला, ‘बदली झाली आहे, घाईने विकायचा आहे.’ किंमत अशी की कुणालाही मोह पडावा. आमच्यातल्या एकाने ५,००० टोकन पाठवलं. फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली, पण उशीर झाला होता, पैसे आले नाहीत. तेव्हापासून लिंक बंद आहे आणि नवा नंबर घ्यायचा तर ग्रुपमधल्या एकाने त्याची जबाबदारी घ्यायची. नवा ग्रुप काढणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना एवढं पाठ करून घ्या, की पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही.

बिबट्याचे मेसेज हा वेगळाच प्रकार. आमच्या भागात ऊस आहे तिथे बिबट्या आहे, त्यामुळे खरा मेसेज जीव वाचवतो. पण हिवाळ्यात एकाने ‘आपल्या शिवारातला’ म्हणून व्हिडिओ टाकला, त्यात मागे चहाचा मळा दिसत होता. तरीही त्या रात्री कुणी पाणी धरायला गेलं नाही. आता नियम आहे : शिवाराचं नाव, वेळ, आणि स्वतः बघितलं की ऐकलं. ‘ऐकलं’ असेल तर टाकायचंच नाही. नियम पाळतात का? निम्मे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी डेअरीवरचा फळा अजून आहे आणि तो राहू द्यावा. कडब्याचा शेकड्याचा भाव, पेंड आली की नाही, हे खडूने लिहिलेलं सासरे वाचतात आणि घरी येऊन मला सांगतात. बऱ्याचदा ते ग्रुपच्या आधी असतं.

गुण द्यायचे तर पाचातले साडेतीन देईन. अर्धा गुण कुलपाचा कापला, एक ग्रुपवर पडणाऱ्या वाढदिवसांच्या केकच्या फोटोंचा.

सध्या लगीनसराई आहे. आमचं मोठं पातेलं ग्रुपवरून तीन घरी फिरलं आणि परत आलं ते झाकणाशिवाय. मी परवा लिहिलं : ‘पितळी झाकण, कडी वाकलेली, कुणाकडे गेलं असल्यास आणून द्यावे.’ कालपासून चार झाकणं आली. एकही आमचं नाही. चारही ओट्यावर ओळीने लावून ठेवली आहेत, फोटो टाकला आहे, ज्याचं त्याने ओळखून न्यावं.