लोहचुंबक चिकटलं नाही, म्हणून आम्ही विश्वास ठेवला

आमची बोट 24 फुटी आहे, जुनी, फायबरची. मी आणि माझ्या मावसभावाने मिळून घेतलेली. एरवी ती अलिबागजवळ मांडव्याला असते आणि पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढावीच लागते. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही ती ट्रेलरवर चढवून कसारा घाटाने नाशिकला आणली आणि विल्होळीजवळच्या आमच्या शेडमध्ये उभी केली. तिच्यावर हार्डटॉप, म्हणजे कायमचं टणक छप्पर बसवायचं होतं. आधीची कापडी कॅनपी वाऱ्याला फडफडायची, आणि माझे वडील 74 वर्षांचे, त्यांना ऊन सोसत नाही. नाशिकच्याच अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत फायबरचं आणि स्टीलचं काम करणारे इतके लोक असताना बाहेर कशाला जायचं, असा माझाच आग्रह होता.

ओळखीतून एक फॅब्रिकेटर मिळाला. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. माणूस बोलायला अगदी नम्र. शेडवर येऊन त्याने स्वतः मापं घेतली, वडिलांच्या पाया पडला. ठरलं ते असं: 316 ग्रेडचा स्टेनलेस पाइप, 38 मिलिमीटर व्यासाचा, 2 मिलिमीटर जाडीचा, छप्पर फायबरचं, मध्ये 20 मिलिमीटर फोम, सगळं मिळून वजन 65 किलोच्या आत. किंमत 4 लाख 60 हजार. निम्म्याहून जास्त रक्कम त्याने आधी मागितली, आम्ही दिली.

वजनावर मी अडून बसलो होतो, कारण बोटीत वर ठेवलेलं वजन खाली ठेवलेल्या वजनासारखं नसतं. गुरुत्वमध्य वर सरकतो, बोट कलली की सरळ व्हायला वेळ लावते. ग्रेडवरही अडून बसलो होतो. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत टिकतं. 202 ग्रेड स्वस्त असते, कारण तिच्यात निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. घरातल्या जिन्याच्या रेलिंगला ती चालून जाते, समुद्रावर नाही.

एवढं ठाऊक असूनही फसलो, ते असं. पाइप आला त्या दिवशी त्याने खिशातून लोहचुंबक काढलं, पाइपला लावलं, ते खाली पडलं. "बघा भाऊ, चिकटत नाही. हेच ओरिजिनल." सोबत मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट दिलं, त्यावर 316 छापलेलं. आम्ही खूश झालो. चुंबक 304 या नेहमीच्या स्टेनलेस ग्रेडला चिकटत नाही, 316 ला नाही, तसंच 202 लाही नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मँगेनीज आणि नायट्रोजनमुळे तिचीही रचना अचुंबकीयच राहते. म्हणजे त्या चाचणीने ग्रेड कळतच नाही. ती दाखवायला इतकी सोपी आणि पटणारी आहे की पुढचा प्रश्न विचारायचं सुचत नाही.

पुढचा प्रश्न हीट नंबरचा होता. सर्टिफिकेटवर एक हीट नंबर, म्हणजे धातू ज्या घाण्यात ओतला त्याचा क्रमांक, असतो आणि तोच पाइपवर छापलेला असायला हवा. आमच्या पाइपवर एक अक्षर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "बफिंग करून आणलंय ना, त्यात पुसलं गेलं." आरशासारखा चकाकणारा पाइप बघून ते खरंच वाटलं.

छप्पर आतून बघायला मिळालंच नाही. "उद्या या, आज रेझिन ओलं आहे," आणि उद्या गेलो तर दोन्ही बाजू बंद. जून-जुलैत काम झालं, तोवर 3 लाख 90 हजार दिले होते. ऑक्टोबरात बोट परत मांडव्याला नेली.

पहिल्याच फेरीत मावसभाऊ म्हणाला, "दादा, ही पहिल्यासारखी उठत नाही." वळण घेताना कलली की तशीच क्षणभर थांबायची. दिवाळीपर्यंत वेल्डिंगपाशी तांबूस ओघळ दिसू लागले. 316 लाही समुद्रावर फिकट डाग पडतात, पण पुसले की जातात. हे पुसून जात नव्हते.

आणि मग ती दुपार. बाजूने मोठी बोट गेली, लाट आली, वडिलांनी तोल सावरायला पुढचा खांब धरला आणि त्याची तळपट्टी डेकवरून उचकटली. चारपैकी दोन स्क्रू हातात आले. आरपार बोल्ट आणि डेकखाली आधाराची पट्टी असायला हवी होती. त्याने नुसते स्क्रू फायबरमध्ये पिळले होते. मी बाबांचा दंड धरला म्हणून ते आत पडले, बाहेर नाही. अजूनही तो आवाज आठवला की हात गार पडतात.

छप्पर उतरवलं, चेन पुलीला टांगून काट्यावर तोललं. पाइपसकट 112 किलो. कडेला भोक पाडलं तर तपकिरी पाणी गळालं. आत फोम नव्हता, साधा प्लाय होता, तोही कडा न बुजवलेला आणि फुगलेला. पाइपचा तुकडा अंबडच्या एका प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते तपासायला दिला. मँगेनीज 8 टक्क्यांच्या वर, निकेल 4 च्या आसपास, मॉलिब्डेनम नावालासुद्धा नाही. जाडी 1.2 मिलिमीटर.

जाडी तर मला घरच्या काट्यावरही कळली असती, याचं फार वाईट वाटतं. 38 चा 2 मिलिमीटर जाड पाइप मीटरला साधारण 1.8 किलो भरतो, 1.2 जाडीचा जेमतेम 1.1. टोकाला त्याने टोपण वेल्ड करून घेतलं होतं, म्हणून भिंत किती पातळ आहे ते दिसलं नाही. पण एक मीटर तोलायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही काम देणार असाल तर पाइप पॉलिशला जाण्याआधी बघा, हीट नंबरचा फोटो काढा, वीतभर तुकडा कापून स्वतःजवळ ठेवा. छपराची वरची बाजू बंद होण्याआधी समोर उभे राहा. त्या दिवशी "उद्या या" म्हटलं तर पैसे थांबवा.

त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "समुद्राच्या हवेला मी काय करू, भाऊ?" नंतर उचलणं बंद केलं. आमच्याकडच्या बिलावर फक्त "फॅब्रिकेशन काम" एवढंच लिहिलेलं. ग्रेड नाही, जाडी नाही, जीएसटी क्रमांक नाही. वाचवलं ते व्हॉट्सॲपने, कारण 316 आणि 65 किलो हे दोन्ही त्याने तिथे स्वतः टाइप केलं होतं.

त्याच्या जोरावर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत 2 वर्षांची असते, आणि सल्ल्यासाठी 1915 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. बोट आम्ही भाड्याने देत नाही, घरच्यांसाठीच वापरतो, हेही तक्रारीत स्पष्ट लिहिलं, कारण धंद्यासाठीच्या वस्तूचा दावा तिथे सहसा टिकत नाही.

छप्पर शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं आहे. पुरावा म्हणून ते मोडायचं नाही, असं वकिलांनी सांगितलंय. बोटीवर पुन्हा जुनी कापडी कॅनपी लावली. बाबा मात्र अजून बोटीवर आलेले नाहीत.