बाबांची बायपास: कुठली नस कुठे, हे नीट सांगणारे सर्जन

बाबा ६४ वर्षांचे, शुगर जुनी, तीन ब्लॉक. सर्जननी अर्धा तास बसून कागदावर हृदय काढून दाखवलं. समोरच्या मेन नसेला, एलएडीला, छातीतली डावी धमनी जोडणार, कारण असे ग्राफ्ट (जोडलेली नस) १० वर्षांनीही ९० टक्क्यांच्या आसपास चालू असतात, पायाच्या शिरेचे तोवर निम्म्याच्या जवळपास बंद पडतात. मी म्हटलं मग उजवी पण छातीतलीच घ्या ना, तर म्हणाले शुगरवाल्यांत दोन्ही काढल्या की छातीच्या हाडाला रक्त कमी पडतं, जखम चिघळायची भीती. म्हणून दुसरीला हाताची रेडियल (अंगठ्याकडची धमनी), तीही तिथला ब्लॉक मोठा होता म्हणूनच, नाहीतर मूळ नसेतून रक्त वाहत राहतं आणि ग्राफ्ट आकसतो. त्याआधी, ती काढली तरी हाताला रक्त पुरेल का हे बघायला, बाबांना मूठ आवळायला लावून मनगट दोन्हीकडून दाबलं, तळवा पांढराफटक, मग करंगळीकडचा दाब सोडला आणि बघता बघता गुलाबी झाला. तिसरीला पायाची शीर.

डिस्चार्जला मात्र फार मनस्ताप झाला, पाच तास बसवून ठेवलं आणि समरीत कुठला ग्राफ्ट कुठे हेच नाही, मी भांडून लिहून घेतलं. तुम्हीपण घ्याच, पुढे अँजिओग्राफी करावी लागली तर तोच कागद लागतो. सर्जनना पाचपैकी पाच, ऑफिसला दोन.